छोट्या लाईनवरचा मोठा डबा

पुंडलिक गाडेकरांच्या डोक्यावर पाच घाव होते. पहिल्याच घावात माणूस संपला होता. पुढचे चार निव्वळ रागाचे. साच्याचा पोलादी ठोकळा टेबलामागे प्रेताशेजारीच पडला होता आणि त्याला केस चिकटले होते.

हे बुधवारी दुपारी शेंद्र्यातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये घडलं. पाच वाजता कामगारांना आरोपीही सापडला. पोलीस पोचेपर्यंत त्यांनी त्याला लोखंडी नळ्यांनी झोडपून काढलं.

"नोमानभाईचा जबडा तुटलाय, मॅडम," शुक्रवारी सकाळी आरोपीची बहीण कहकशा सांगत होती. "शुद्ध येते, जाते. पोलीस खून त्याच्यावरच लावतायत. अन् कामगार म्हणतात, कोर्टानं सोडला तरी आम्ही सोडणार नाही. माझा भाई दोन्हीकडून मरतोय."

मनस्विनी जहागीरदारनं वही मिटली. खाजगी तपासाच्या धंद्यात तिला अकरा वर्षं झाली होती. सोबतीला धोंडिबा, निवृत्त हवालदार. मन सोन्यासारखं, डोकं जरा सावकाश.

"भाई काय काम करतो?"

"गुलमंडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्या वर्कशॉपचं सगळं तोच बघायचा."

निरीक्षक एके काळी धोंडिबाच्या हाताखाली शिकलेले, म्हणून वर्कशॉपचं दार उघडलं. त्यांच्या मते गणित कधीच सुटलं होतं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ज्या कॉम्प्युटरमध्ये साठायचं, त्याची अख्खी डिस्क पुसून तिच्यावर दुसरीच सिस्टिम टाकलेली होती. सिस्टिम टाकायची पेनड्राइव्ह खोचलेली, तीही नोमानच्या दुकानाची.

"प्रयोगशाळेत डिस्क काढून नव्या मशीनला लावली, झटक्यात सुरू झाली," निरीक्षक म्हणाले. "काम पक्क्या कारागिराचं आहे."

मनस्विनी टेबलाखाली वाकली. कॉम्प्युटरचा डबा जुनाट होता, कुंकवाची बोटं उमटलेला. त्यावर चिकटपट्टी आणि नोमानचं अक्षर: '२००७चं मशीन. फक्त जुन्या पद्धतीची डिस्क चालते. नवी मांडणी केली तर सुरू होणार नाही.'

"पंचनाम्याचे फोटो दाखवता? डिस्क काढायच्या आधीचे."

तिनं फोटो मोठा करून पाहिला आणि परत दिला.

पहिली आली सुरेखा, ऑफिसातली कारकून. तिचे डोळे सुजलेले होते.

"म्या दोन वाजता ब्यांकेत गेले, चारला आले. पडद्यावर काळं होतं, वर एकच पांढरी ओळ. म्हनलं बंद पडलं. मंग टेबलामागं पाय दिसले मालकाचे."

"नोमानची पेनड्राइव्ह कुठं असायची?"

"ड्रॉवरमदीच. सगळ्यायला म्हाईत हाय."

"भांडण झालं होतं म्हणे?"

"एक वाजता. नोमानभाई वरडले, 'शाम तक दे दो, नहीं तो मैं खुद ले जाऊँगा.' मालक म्हनले, 'संध्याकाळी या.' मंग गेले भाई."

"आणि कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकू कोणी लावलं?"

सुरेखाला प्रश्नाचं नवल वाटलं. "म्याच. खंडेनवमीला समद्या यंत्रायची पूजा असती. चारी स्क्रूवरबी बोट टेकवलं. मालक पुसू देत नव्हते."

दुसरा आला आकाश, पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणारा. वय तेवीस. उजव्या हाताला जाडजूड बँडेज. आठच दिवसांपूर्वी चार बोटं प्रेसखाली गेली होती.

"म्या बी मारलं नोमानला," तो मान वर न करता म्हणाला. "डाव्या हातानं. मिहिरसायेब म्हनले ह्यानंच मालकाला मारलं."

"तो सापडला कुठं?"

"सापडला कुठं, आपल्या पायानं आला. पाठीवर पिशवी व्हती. त्यात कोरी डिस्क निघाली, सीलबंद."

"बोटं कशी गेली?"

"मिहिरसायेब म्हनतेत माझीच चूक. हात मधी आला की प्रेस थांबवनारं यंत्र हाय, त्ये कसं नाय चाललं, द्येव जानं."

शेवटी मिहिर, पुंडलिकरावांचा भागीदार. शर्टाला इस्त्री, हातात महिन्यापूर्वी घेतलेला नवाकोरा लॅपटॉप. त्याची केबिन शेजारीच होती.

"साडेतीनला काचेतून पाहिलं. नोमान कॉम्प्युटरसमोर बसून नवी सिस्टिम टाकत होता. पडद्यावरची पट्टी पुढे सरकत होती. पुंडलिककाका दिसले नाहीत, मला वाटलं बाहेर गेलेत."

"त्याच कॉम्प्युटरवर? नक्की?"

"या डोळ्यांनी पाहिलंय."

मनस्विनीनं आधी प्रेसमागची उपटलेली तार पाहून घेतली, मग सगळ्यांना तिथं बोलावलं. कामगारही गोळा झाले. कहकशा दारात उभी होती आणि तिच्याकडे पाहणाऱ्या नजरा चांगल्या नव्हत्या.

"ही पेनड्राइव्ह ज्या मशीनवर चालू करावी, त्या मशीनला मानवेल अशीच डिस्क तयार करते," मनस्विनी म्हणाली. "जुन्यावर जुन्या पद्धतीची, नव्यावर नव्या. मिहिर म्हणतात तसं नोमाननं इथं बसून काम केलं असतं, तर डिस्क इथंच सुरू झाली असती. सुरेखाबाईंनी मात्र काळा पडदा पाहिला. प्रयोगशाळेच्या नव्या मशीनवर तीच डिस्क झटक्यात सुरू झाली."

धोंडिबा कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. "म्हंजी मनमाडची लाईन छोटी होती तवा तिच्यावर मोठ्या लाईनचा डबा ठेवावा, तसं?"

"अगदी तसं. डबा चांगला, पण इथल्या रुळावर चालत नाही. तो बांधला गेला दुसऱ्या, नव्या मशीनवर."

"मग डिस्क बाहेर काढावी लागली असती," निरीक्षक म्हणाले.

"काढली होती. तुमच्याच फोटोत चारी स्क्रूंवरचं कुंकू उडालेलं आहे. पेनड्राइव्हवरून काम करणाऱ्याला डबा उघडायचं कारणच नाही. ऑफिसला काच आहे. प्रेताशेजारी अर्धा तास बसणारा माणूस कामगारांना दिसला असता. म्हणून त्यानं टेबलाखाली वाकून डिस्क काढली, स्वतःच्या केबिनमध्ये लॅपटॉपला जोडली, ड्रॉवरमधल्या नोमानच्या पेनड्राइव्हनं अख्खी पुसून नवी सिस्टिम टाकली, परत बसवली आणि तीच पेनड्राइव्ह इथं खोचली. डब्यावरची चिठ्ठी वाचायची तसदी घेतली नाही. ज्यानं ती चिठ्ठी लिहिली, तो ही चूक करेल?"

सगळ्यांच्या नजरा लॅपटॉपकडे वळल्या.

"मी का मारू काकांना?" मिहिर म्हणाला.

"नोमान काय मागत होता? 'शाम तक दे दो.' पैसे नव्हे, रेकॉर्डिंग. म्हणून तर संध्याकाळी कोरी डिस्क घेऊन आला. स्वतःच पुसलेलं उतरवून घ्यायला कोणी कोरी डिस्क आणतं का? आठ दिवसांपूर्वी या प्रेसची सुरक्षा तार कोणी उपटली, ते त्या रेकॉर्डिंगमध्ये होतं. पुंडलिकराव ते द्यायला तयार झाले, आणि शेजारच्या केबिनमध्ये तुम्ही ऐकलंत. लॅपटॉप द्या निरीक्षकांकडे. बुधवारी दुपारी त्याला कोणती डिस्क जोडली होती, याची नोंद त्यात आहे."

मिहिरनं लॅपटॉप फेकला आणि बाकावरचा हातोडा उचलला. पहिला घाव धोंडिबाच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा मनस्विनीच्या डोक्यावर येत होता, तेवढ्यात आकाशनं त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. मिहिर तोंडावर पडला, दात फरशीवर सांडले.

"रोज शंभर नग जास्त पाहिजे होते!" तो रक्त थुंकत ओरडला. "त्या तारेनं दर दोन मिनिटाला प्रेस थांबायचा!"

आकाशनं डाव्या हातानं लोखंडी नळी उचलली. कोणी त्याला अडवलं नाही.

"आकाश," मनस्विनी म्हणाली, "परवा अशीच उचलली होतीस."

नळी त्याच्या हातातून गळून पडली.

संध्याकाळी तो घाटी दवाखान्यात आला आणि वॉर्डाच्या दाराशी उभा राहिला. कहकशानं त्याच्या बँडेजकडे पाहिलं.

"मी माफ करणार नाही," ती म्हणाली आणि एक कागद पुढे केला. "पण हे तुझं आहे. घे."

दुपारी नोमान शुद्धीवर आला होता. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं कागद मागवून घेतला. खून झालाय, आपल्यावर आळ आलाय, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं वाकड्यातिकड्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं:

'त्या पोराचं रेकॉर्डिंग मिळालं का?'

आकाशनं ते दोनदा वाचलं. मग तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला.