साडेएक्कावन्न इंच

पडद्यांच्या दुकानात त्याला सगळे ‘पावइंच’ म्हणत. माप घेताना पाव इंचसुद्धा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, म्हणून. नव्या गिऱ्हाइकाशी ओळख करून देताना मालक म्हणत, हा माणूस स्वर्गाच्या दारात उभा राहिला तरी आत जाण्याआधी चौकट मोजेल. गिऱ्हाईक हसे. पावइंच तोवर खिडकीची वरची बाजू मोजून खालच्या बाजूकडे वळलेला असे. कुठलीही चौकट वर-खाली सारखी नसते, एवढंच काय ते त्याचं तत्त्वज्ञान होतं.

माप झालं की तो कानामागची पेन्सिल काढी आणि चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात, कुणाच्या नजरेस पडणार नाही असा, आकडा लिहून ठेवी. आकड्याखाली एक बारीक रेघ ओढून तिचं टोक मासे पकडायच्या गळासारखं वर वळवी. दोनदा मोजलं आहे, अशी ती खूण. ती त्याची स्वतःची होती. त्याच्या उस्तादाची वेगळी होती, आणि उस्ताद गेल्यावर अशा खुणा करणारा दुकानात तो एकटाच उरला होता.

घरीही तो एकटाच होता. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हा सहा वर्षांची असलेली मुलगी, सगळ्यांची ‘मुंगी’, दुसऱ्या गावी तिच्या मावशीकडे राहत होती. दिवसभर लोकांच्या घरांतून हिंडणाऱ्या बापाने लहान पोर सांभाळायची कशी, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांना पडला होता, त्यालाही. आता दुकानातून दुपारी लवकर सुटायची सोय झाली होती. त्याने मावशीकडे शब्द टाकला. मावशी वाईट नव्हती, पण स्पष्ट होती.

“भाऊजी, पोर तुमचीच आहे,” ती म्हणाली. “पण नुसत्या चार भिंतींत नेऊ नका तिला. आधी घर करा.”

म्हणून त्याने घर करायला घेतलं. जुन्या जागेत पाऊल टाकलं की बायकोच आठवे, म्हणून त्याने ती सोडली आणि एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. पहिल्या आठवड्यात तिथे एक गादी, एक स्टोव्ह आणि त्याच्या स्वतःच्या पावलांचा आवाज, एवढंच सामान होतं. संध्याकाळी तो मोठ्याने पेपर वाची. दुसऱ्याचा नाही तर आपला तरी आवाज ऐकू यावा, म्हणून.

नवं फर्निचर त्याला नको होतं. दुकानासारखी दिसणारी घरं त्याने शेकड्यांनी पाहिली होती, आणि त्यातल्या सोफ्यांवर कुणी बसलेलं क्वचितच. त्याला वापरलेल्या वस्तू हव्या होत्या: गरम भांड्यांचे डाग पडलेलं टेबल, हात ठेवून ठेवून गुळगुळीत झालेली खुर्ची. गावाबाहेर जुन्या सामानाचं एक गोदाम होतं. तिथे तो दर रविवारी जाऊ लागला आणि जाताना टेप मुद्दाम घरी ठेवू लागला. सहा दिवस जगाची घरं मोजायची, निदान आपलं तरी डोळ्यांनी सजवावं, असा त्याचा हट्ट होता.

आधी आला आरसा. खिडकी आणि कोपरा यांच्यामधल्या भिंतीवर तो असा बसला की दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली. भिंतीत आधीच्या भाडेकरूने पाडलेली चार भोकं होती, आरशाच्या चारही कड्या त्यांवरच आल्या. पावइंच स्वतःवर खूश झाला. डोळ्यांना सवय झाली की टेप लागत नाही, असं तो दुसऱ्या दिवशी दुकानात म्हणालासुद्धा. पुढे कधीतरी पुसताना त्याने आरसा उतरवला, तेव्हा मागच्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलेली लांबी-रुंदी दिसली. खाली रेघ होती. रेघेचं टोक गळासारखं वर वळलं होतं.

त्याने शांतपणे विचार केला. वीस वर्षांत तो हजारो घरांत गेला होता. त्यांतल्या एखाद्या घरात हा आरसा असेल, आणि कुणीतरी त्याला मोजायला सांगितलं असेल. आरशाला पडदा कोण शिवतं, हा प्रश्न त्याच्या मनात आला. पण जगात नाना तऱ्हेचे लोक असतात, असं म्हणून त्याने आरसा पुन्हा टांगला.

मग जेवणाचं टेबल आलं. त्यावर टाकायला त्याने दुकानातल्या उरलेल्या कापडातून एक निळा कपडा नुसत्या अंदाजाने बेतला, कापल्यावर सवयीने मोजून माप वहीत लिहिलं, आणि घरी येऊन अंथरला. चारही बाजूंनी कपडा सारखा लोंबत होता. त्याची पेन्सिल घरंगळत टेबलाखाली गेली. ती काढायला तो वाकला आणि तसाच राहिला. फळीच्या खालच्या बाजूला निळ्या कपड्याचं माप लिहिलेलं होतं. त्याच्या अक्षरात, त्याच्या खुणेसह. शिसं पुसट झालं होतं आणि त्यावर कोळ्याचं जुनं जाळं होतं. कपडा त्याने परवा कापला होता.

त्या रविवारी त्याने गोदामवाल्या बाईंना विचारलं, हे सामान येतं तरी कुठून. बाई जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. घरं मोडतात, सामान येतं, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मग त्याला एका छोट्या कपाटापुढे रेंगाळलेलं पाहून त्या आपणहून बोलल्या.

“तुमचा आरसा, टेबल आणि हे, एकाच घरातलं आहे. एक म्हातारा होता. एकटाच राहायचा. पडदे मात्र काय सुंदर शिवलेले.” त्यांनी कपाटाचं दार उघडून दाखवलं. “ह्यात फ्रॉक होते. कोरे, घडी न मोडलेले. वर्षावर्षाला एकेक घेतल्यासारखे. आणि सगळे एकाच मापाचे.”

पावइंचाच्या मनाने ते ऐकलं आणि बाजूला ठेवून दिलं. कपाट गोड होतं. फिकट हिरवा रंग, मुलीच्या हाताला येईल अशी कडी, तळाला एक खण. दुसरं असं कपाट त्याला वर्षभर शोधून मिळालं नसतं. एका बाजूला चरा आहे, असं बाईंनी आधीच सांगितलं. तो त्याने फारसा पाहिलाही नाही. घरी आल्यावर त्या बाजूवर त्याने फुलाफुलांच्या कापडाची एक पट्टी वरून खाली सोडली. झाकायचं कामच तर त्याला येत होतं.

मावशीने येऊन घर पाहिलं. टेबलाशी बसली, आरशात डोकावली, हिरव्या कपाटाची दारं दोनदा उघडून मिटली. “आता घर झालं,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मुंगीला पुढच्या रविवारी आणायचं ठरलं. पावइंचाला स्वर्ग दोन बोटं उरला.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्याने कपाट आतून पुसायला घेतलं. खण अडखळत होता, म्हणून पूर्ण बाहेर काढला. मागच्या फळीवर आकड्यांचा एक उभा रकाना होता. प्रत्येक आकड्याखाली त्याची खूण होती.

साडेसदतीस. चाळीस. साडेबेचाळीस. पंचेचाळीस.

ही कपाटाची मापं नव्हती. हे चारही आकडे त्याला पाठ होते. जुन्या घरात दर वाढदिवसाला बायको मुंगीच्या डोक्यावर वही आडवी धरी आणि तो दाराच्या चौकटीवर रेघ ओढी. तिसरा वाढदिवस, चौथा, पाचवा, सहावा. बायको गेल्यावर त्याला ती रेघ ओढायचा धीर झाला नव्हता. मुंगीची उंची दोन वर्षांत कुणी मोजलीच नव्हती.

रकाना मात्र थांबला नव्हता. साडेसत्तेचाळीस. साडेएकोणपन्नास. मुंगी गेल्याच आठवड्यात आठ वर्षांची झाली होती.

त्याखाली साडेएक्कावन्न.

त्याखाली पुन्हा साडेएक्कावन्न.

मग पुन्हा. आणि पुन्हा. तो मोजत गेला. एकवीस वेळा तोच आकडा होता. वरचे ठसठशीत होते. मधल्यांपासून हात कापायला लागलेला दिसत होता. शेवटचे दोन-तीन तर आकडे आहेत हे माहीत असल्याशिवाय वाचता आले नसते. खुणा मात्र एकालाही चुकल्या नव्हत्या. दर वेळी दोनदा मोजलं होतं.

त्याला गोदामवाल्या बाईंचे शब्द आठवले. कोरे फ्रॉक, सगळे एकाच मापाचे.

त्याने मावशीला फोन लावला. त्याला म्हणायचं होतं, आणू नका, इतक्यात नको, कधीच नको. फोन उचलला गेला, आणि मागून मुंगीचा आवाज आला. बाबांना सांग, मी माझी उशीपण आणतेय.

दोन वर्षांत त्या आवाजाशिवाय त्याने किती संध्याकाळी काढल्या होत्या, ते त्यालाच ठाऊक.

“बस किती वाजता पोचते?” त्याने विचारलं. ते त्याला आधीच माहीत होतं.

फोन ठेवून त्याने पॉलिश पेपर घेतला आणि रकाना घासून काढला. लाकूड पांढरं होईपर्यंत घासला. मग खण जागेवर बसवला, टेप कुलुपात टाकली, आणि या पोरीची उंची आपण आयुष्यात मोजायची नाही, असं स्वतःला बजावलं. मोजलंच नाही, तर ते थांबेल तरी कसं?

रविवारी दहा वाजता मुंगी आली. तिने उशी गादीवर टाकली, टेबलाभोवती एक फेरी मारली, आरशाला जीभ दाखवली. मावशी चहा पिऊन लगेच परत गेली. घरात पहिल्यांदाच दुसऱ्या पावलांचा आवाज होता, आणि पावइंच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो नुसता ऐकत होता. एवढं सुख त्याला पेलवत नव्हतं.

मुंगी हिरव्या कपाटापाशी थांबली. फुलाफुलांच्या पट्टीचं टोक तिने बोटांनी उचललं.

“बाबा, इथे रेघ आहे.”

तो जवळ गेला. चरा कुठे नव्हताच. आडवी खाच होती, सरळ, वीतभर लांब. एकाच जागी पुन्हा पुन्हा पेन्सिल ओढून लाकूड खोल झालं होतं आणि शिशाने काळं चकचकीत पडलं होतं. किती उंचीवर आहे, ते पाहायला त्याला टेप लागली नाही.

“सोड ते,” तो म्हणाला.

पण मुंगीने कपाटाला पाठ लावली होती. टाचा जुळवलेल्या, हनुवटी सरळ. आईने शिकवलं होतं, तशी. एक हात डोक्यावर आडवा ठेवून तिने तो कपाटाला टेकवला, हात न हलवता ती खालून सरकत बाहेर आली आणि वळून पाहू लागली. हात आणि खाच यांच्यामध्ये तिने दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून बसवली.

“तीनच बोटं,” ती आनंदाने म्हणाली. “बाबा, मला आता एवढंच वाढायचंय.”