प्लँट दोनमधून आलेली ओ

महाडच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या शोएबला त्या दुपारी साधंच काम होतं. नव्या प्लँट दोनसाठी नेटवर्कवर एक डिरेक्टरी, म्हणजे मशिनांच्या नावांची यादी, बनवायची. काळ्या पडद्यावर एका ओळीचा हुकूम टाइप करायचा, झालं! आत यायच्या मशिनांना तो इथल्या नद्यांची नावं देई. सावित्री, गांधारी, काळ.

पण चित्त थाऱ्यावर कुठलं? फाटकाशी ठकूबाई आजही बसून होती. आठ दिवसांपूर्वी प्लँट दोनचा पाया खणताना माती ढासळली, तेव्हापासून तिचा नवरा सयाजी दिसला नव्हता. आणि मॅनेजर राजेशसाहेब तोंड वर करून सांगत होते, "पळाला मुंबईला." प्लँट एकचा पाया घालतानाही एक मजूर असाच ‘पळाला’ होता म्हणे. अरे, जनाची नाही तर मनाची तरी! उद्या त्या खड्ड्यावर काँक्रीट पडणार होतं.

रागारागातच शोएबने हुकूम दिला. डिरेक्टरी बनली. रिकामी आहे ना, म्हणून त्याने आत पाहिलं. आत एक नाव होतं... सयाजी.

पासवर्ड एकट्या शोएबकडे होता. प्लँट दोनपर्यंत अजून वायरसुद्धा गेली नव्हती. बंद खोलीत ओल्या मातीचा वास दाटला. त्याने त्या नावाला पिंग केलं. पिंग म्हणजे नेटवर्कवरची हाक. पलीकडचं मशीन चालू असेल तर ओ येते. पडद्यावर ओळ उमटली.

"सयाजी इज अलाइव्ह."

शोएबने राजेशसाहेबांना ओढतच आणलं. त्यांनी पडदा पाहिला. चेहरा उतरला.

"डिलीट कर..."

"साहेब, माणूस आहे तिथे!"

"डिलीट कर म्हटलं ना!"

"नाही करणार. काय उपटायचं ते उपटा!"

तो फाटकाकडे धावला. ठकूबाईने ऐकलं आणि शेजारच्या गड्याच्या हातची कुदळच हिसकावली. मग सगळे मजूर खणायला लागले.

फळ्यांखालच्या, पाणी झिरपणाऱ्या पोकळीत सयाजी सापडला. अंग अजून कोमट होतं. डॉक्टर हळूच म्हणाले, "तासाभरापूर्वी गेलाय..."

"आठ दिस जित्ता व्हता माझा धनी!" ठकूबाई राजेशसाहेबांवर धावली. "आनि पळाला म्हनतोस रं, मुडद्या?"

साहेब मजुरांच्या मागे सरकले. तेवढंच जमलं त्यांना!

सयाजीला अग्नी देऊन आल्यावर शोएबने ते नाव पुसलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने सहा वर्षं चालू असलेल्या प्लँट एकची डिरेक्टरी उघडली. सावित्री, गांधारी, काळ... आणि खाली मोरू.

हे नाव त्याने कधीच दिलं नव्हतं. त्याने हाक मारली.

"मोरू इज अलाइव्ह."