तिसरी मूठ

कानबाईच्या आदल्या दिवशी प्रमिलाबाईंनी गहू मोजले ते दोनच माणसांचे. खानदेशातली रीतच तशी. श्रावणात कानबाई घरी बसते, आणि तिच्या नैवेद्याच्या जाड रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे. लेकीबाळींची मूठ नसते. ते रोट खायचे घरच्यांनीच. परक्याच्या तोंडी कण गेलेला देवीला चालत नाही. सुरतेत, बमरोलीच्या त्या एका खोलीत पंधरा वर्षं झाली, प्लेग येऊन गेला, तरी प्रमिलाबाईंनी या रीतीत तसूभर फरक केला नव्हता.

एक मूठ नवऱ्याची, निंबाची. एक धाकट्या मुलाची, लखनची. ताटात दोन ढीग घालून त्या पाणी प्यायला वळल्या. भिंतीपलीकडे यंत्रमागांचा खडखडाट चालूच होता. परत पाहतात तर ढीग तीन.

तिसरा मोठा होता. प्रमिलाबाईंची मूठ ती केवढी, लिंबाएवढी! हे गहू रुंद पंजाचे होते.

मागावरची पाळी संपवून आलेला निंबा दारातच थबकला. "तीन कशा लिध्यात वं? कोना नावनी?"

"मी दोनच लिध्यात."

त्यांनी सगळे गहू डब्यात ओतले, पुन्हा मोजले. डबा लावून मागे पाहिलं. ताटात तीन ढीग. असा पंजा घरात एकाचाच होता.

थोरला योगेंद्र चार वर्षांपूर्वी लुगडं नेसून हिजड्यांच्या डेऱ्यावर राहायला गेला आणि सुंदरा झाला. निंबाने नाव टाकलं. प्रमिलाबाई मात्र चोरून भेटत, बाजारात मिरच्या निवडता निवडता दोन शब्द बोलत. गेल्या पौषात कडोदऱ्याच्या रस्त्यावर चौघांनी सुंदराला धरून मारलं. कारण काय, तर काही नाही. ती तशी होती, एवढंच. वरच्या ओळीतला मधला दात पडला होता. पदराने तोंड दाबून ती आईला घेऊन पोलीस चौकीत गेली.

चौकीतला जमादार वाईट नव्हता, हेच खरं तर वाईट. "कानून सबके लिए है," तो म्हणाला. "पर मर्द लिखूँ या औरत? राशन कार्ड पर नाम दूसरा है। घरवाला कोई बोल दे कि ये कौन है, तो लिख लूँ।" त्याने प्रमिलाबाईंकडे पाहिलं. "आपकी कौन लगती है?"

दारात बमरोलीतलीच माणसं उभी होती. लखनची सोयरीक जुळत आली होती.

"सांग ना, माय," सुंदरा हळूच म्हणाली.

"आमनं कोनी नही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

जमादाराने पेनाला टोपण लावलं. सुंदराने पदर पुन्हा तोंडावर ओढला. "बरं माय, मी जास," म्हणाली आणि गेली. डेऱ्यावर पोचलीच नाही. तिला शोधायचं कोणी? ती हरवल्याचं लिहायलासुद्धा आधी ती कोणाची तरी असायला हवी होती. तेव्हापासून बाजारात एखादं उंच, रुंद पाठीचं लुगडं दिसलं की प्रमिलाबाईंचा जीव कासावीस होई. एकदा तिने माय म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

ते तीन ढीग तसेच ठेवून प्रमिलाबाई चौकीवर गेल्या. जमादार तोच होता.

"ती मन्ही पोर शे," त्या म्हणाल्या. "सुंदरा. लिखो."

त्याने वही चाळली. "माँजी, ऐसी कोई कंप्लेंट ही नहीं है। सात महीने हो गए। मार पड़ी थी, इसका सबूत क्या है?"

घरी येऊन त्यांनी तिन्ही मुठी दळल्या. चौकीत तिला लेक म्हटल्याचं ऐकून निंबा चिडला. "पोर म्हनस आनि मूठ बी लेस? पोरनी मूठ ऱ्हास का?"

"कानबाई बी बाईच शे," त्या म्हणाल्या, आणि रोट लाटायला बसल्या.

रविवारी देवी बसली. दोन रोट दोघा पुरुषांचे, ते तिघांनी खाल्ले. तिसऱ्याला हात लावायचा धीर कोणाला झाला नाही. तो ताटात ठेवून प्रमिलाबाईंनी वर पितळी पातेलं पालथं घातलं.

सोमवारी सकाळी तिघंही कानबाईला वाजतगाजत विसर्जनाला पाण्यावर घेऊन गेली. खोलीला कुलूप होतं. किल्ली प्रमिलाबाईंच्या कमरेला.

परतल्या तेव्हा ऊन दारात आलं होतं. कुलूप जसंच्या तसं. पातेलंही पालथंच.

त्यांनी ते उचललं.

रोट एका बाजूने खाल्लेला होता.

"उंदीर व्हई," निंबा मागून म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नसावा.

प्रमिलाबाईंनी ताट उजेडात धरलं. मोठा, माणसाचा चावा होता, कड अजून ओली. आणि वरच्या दातांच्या ओळीत, बरोबर मधोमध, एका दाताएवढा रोट तसाच शिल्लक होता.