आले, आले

चार आकडे. मध्ये तीन टिंबं.

पलंगाखाली आत्याच्या चपला. एक सरळ, एक उलटी.

माझ्या टेबलावर उघडून ठेवलेलं यंत्र... त्याला वायर नाही.

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मी तिथे होते. भर दुपार. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची माझी खोली.

वर वॉर्डात माझी आत्या, दम्याने बेजार. प्रत्येक पलंगाला एक यंत्र. बटण दाबलं की सिस्टरच्या डेस्कवर घंटा वाजते. कुणी उत्तर दिलं की थांबते. कुठल्या यंत्राने हाक मारली आणि कुठल्याने उत्तर दिलं, ते पत्ते चार बाइटमध्ये येतात. उत्तर आलं की घंटा थांबवणारा, आणि ते पत्ते टिंबं घातलेल्या चार आकड्यांत डेस्कवरच्या व माझ्या पडद्यावर दाखवणारा, सी भाषेतला प्रोग्राम माझा. शेवटचा आकडा म्हणजे पलंग. डेस्कचा आकडा एक.

सिस्टरचा फोन आला.

"मॅडम, तुमचा पडदा बघा! हाक सतराची, उत्तरही सतराचंच. पेशंटच पेशंटला बघणार असतील तर आम्ही घरी जातो!"

मी हसले. नवशिक्याची चूक. बाइटचे आकडे करून देणाऱ्या फंक्शनकडे लिहायला पाटी एकच. एका ओळीत दोनदा बोलावलं की एक पत्ता दुसऱ्याला पुसतो.

दोन्ही पत्त्यांना वेगवेगळी जागा दिली. प्रोग्राम पुन्हा चालवला.

हाक... सतरा. आत्या.

उत्तर...

एक नाही.

अठरा.

अठराचं यंत्र तर दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर होतं. बिनवायरचं.

मी डेस्कला फोन लावला. "सिस्टर, आत्ता घंटा वाजली?"

"वाजता वाजता थांबली. मला वाटलं, दुसरीने घेतली."

म्हणजे आत्याकडे कुणीच गेलं नव्हतं.

मी जिन्याकडे धावले.

आत्या उशीला टेकून बसली होती. तोंडावर मास्क. पट्ट्या नीट ओढलेल्या. श्वास... चालू होता.

"कुणी लावला गं?"

तिने मास्क जरा बाजूला केला. "बाजूची बाई. भली आहे हो. हाक मारली की लगेच 'आले, आले' करते. तुझ्यासारखं नाही, दहा फोन करा तेव्हा एक उचलणार!"

बाजूचा पलंग रिकामा. चादरसुद्धा नव्हती.

अठराची उत्तरं बंद करायला एक ओळ पुरे. मी ती लिहिली. पण बंद केली, आणि डेस्कवर कुणी नसलं तर? नाही केली, आणि एखाद्या दिवशी ती नुसतंच "आले" म्हणाली तर?

घंटा तर थांबलेली असेल...

आत्या पलंग बदलायला तयार नाही. ओळ अजून तशीच, चालू न करता पडून आहे.

अठरावरच्या बाईची शेवटची घंटा गेल्या महिन्यात बराच वेळ वाजत राहिली होती. डेस्कवर कुणी नव्हतं.