डावीकडचा आवाज

"आरोही, चोरी झालीय. वर्दी घालून ये."

"काय गेलं, बाई?"

"ह्यांचा आवाज."

एवढं बोलून पलीकडून फोन ठेवला गेला. आरोही धाराशिवला सायबर शाखेत फौजदार होती. चोऱ्यांचे नमुने तिनं काही कमी बघितले नव्हते. पण आवाज? आणि तोही वसंतरावांचा?

वसंतराव तुळजापूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होईपर्यंत त्यांचा आवाज अख्ख्या गावानं ऐकला. "उमरग्याला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे," हे ते अशा काही ऐटीत सांगत, की काम नसलेल्यालाही उमरग्याला जावंसं वाटे. मागल्या महिन्यात ते सोलापूरच्या दवाखान्यात वारले. चंद्रप्रभाबाई त्यांच्या पत्नी, मुलींच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या. आरोहीला सा लावायला त्यांनीच शिकवलं होतं. सूर हलला की वर्गभर नजर फिरवून नेमक्या त्याच मुलीचा कान त्या धरत.

आरोहीनं बाईंच्या घराची बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग कडी आपटली. शेवटी सून सृष्टीनं झोपेतून उठून दार उघडलं. ती दवाखान्यात नर्स, कायम रात्रपाळी, त्यामुळं दिवसा तिची झोप.

"आई आतच आहेत," ती ओशाळून म्हणाली. "हेडफोन लावून बसल्या असतील."

बाई आत खुर्चीवर बसल्या होत्या. नवाकोरा हेडफोन समोर टेबलावर पडला होता.

"बेल वाजवायची रीत विसरलीस का गं?" बाई म्हणाल्या. "बस. आणि मोठ्यानं बोल. हल्ली सगळी तोंडातल्या तोंडात बोलता."

आरोहीनं वही काढली नाही. बाईंसमोर तिला अजूनही आठवीत असल्यासारखं व्हायचं.

"बाई, पहिल्यापासून सांगा."

दोन वर्षांपूर्वी कैवल्यनं, म्हणजे बाईंच्या मुलानं, आईबाबांच्या गप्पा टिपून ठेवल्या होत्या. कैवल्य लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. त्याच्याकडं कॉलरला लावायचे दोन छोटे माईक होते, आजूबाजूचा आवाज गाळून टाकणारे. एक बाईंच्या पदराला, एक वसंतरावांच्या सदऱ्याला. तेव्हा सगळ्यांनी ते त्याच्या कॉम्प्युटरवर ऐकलं आणि मग वसंतरावांच्या फोनमध्ये ते पडून राहिलं.

"परवा ऐकावंसं वाटलं. फोनचा स्पीकर तर केव्हाच फाटलाय. जुन्या इअरफोनची तार तुटली. म्हणून धनाजीच्या दुकानातून हा नवीन मागवला. लावला, तर..." बाईंनी हेडफोन तिच्याकडं सरकवला. "मी आहे, आरोही. ते नाहीत. तूच बघ."

आरोहीनं हेडफोन चढवला, बटण दाबलं आणि दचकून तो ओढून काढला. आवाज शेवटच्या रेघेपर्यंत चढवलेला होता.

"एवढा मोठा, बाई?"

"मोठा कुठला? बरा आहे."

आवाज अर्ध्यावर आणून आरोही ऐकू लागली. बाई बोलत होत्या, फक्त उजव्या कानात. "सांगा की, माझं कुठलं गाणं तुम्हाला सगळ्यात आवडतं?" मग शांतता. बरीच शांतता. मग बाईंचं लाजरं हसू. "काहीतरीच तुमचं!"

मधलं उत्तर नव्हतंच. कुणीतरी माणूसच्या माणूस उचलून नेला होता.

"डाव्या बाजूला काहीच येत नाही," आरोही म्हणाली.

"हेडफोन खराब असेल म्हणून धनाजीनं बदलून दिला. हा दुसरा. ह्याचीही तीच गत. पण ते सोड. मला माहीत आहे कुणी केलंय. कैवल्यनं."

दारात उभी असलेली सृष्टी खाली बघू लागली.

"ह्यांना घरीच राहायचं होतं," बाई म्हणाल्या. "त्यानं ऐकलं नाही. सोलापूरला नेलं, नळ्या घातल्या. माझ्याशी शेवटचा एक शब्द बोलू दिला नाही. नंतर हा फोन दिवसभर त्याच्याकडं होता, नातेवाइकांना कळवायला म्हणून. त्या टिपलेल्या गप्पांत ते त्याला काहीतरी लागट बोलले असतील. ते ह्यानं पुसलं. शेवटचा शब्द तर नेलाच, उरलेला आवाजही नेला. मी त्याला सांगितलंय, माझ्या डोळ्यांसमोर राहू नकोस."

सृष्टी हळूच म्हणाली, "आज संध्याकाळी उमरग्याला निघालेत ते. मित्राच्या स्टुडिओत काम बघितलंय."

बाईंनी तिच्याकडं पाहिलंही नाही.

कैवल्य वरच्या खोलीत बॅग भरत होता. कपडे कोंबत होता, म्हणणं जास्त बरोबर.

"दादा, मूळ रेकॉर्डिंग कुठाय?"

"कार्ड पुढच्या लग्नाला वापरलं. पुसलं गेलं."

"फोनमधलं तुम्ही कापलं?"

"कापता येतं मला. म्हणून मीच कापलं असणार, नाही का?" तो कडवट हसला. "बाबांचा आवाज मी कापीन, आरोही? रोज रात्री मी स्वतःलाच विचारतो, घरी ठेवलं असतं तर काय झालं असतं. डॉक्टर म्हणाले होते, मशीन लावलं तर वाचतील. मी काय करायला पाहिजे होतं?"



"काका बाईंशी काहीच बोलले नाहीत?"

"बोलले की. आत नेत होते तेव्हा दारात आईचा हात धरला. म्हणाले, 'चंद्रा, तो ठिपका मधे घे.' मला वाटलं वातात बोलतायत. आई 'हो' म्हणाली."

"बाई तर म्हणतात, एक शब्दही बोलले नाहीत."

"तिला बहुतेक ते आठवायचं नसेल. मीही भांडलो नाही. 'ठिपका मधे घे' ह्यात तिला सांगण्यासारखं काय होतं?"

 आरोहीनं खाली येऊन स्वयंपाकघरात सृष्टीला गाठलं.

"वहिनी, बाई आणि काका फोनवर गाणी कशी ऐकायचे?"

"माझी दिवसा झोप. म्हणून एकच इअरफोन दोघांत. एक टोक आईंच्या कानात, एक मामांच्या. रोज संध्याकाळी." तिनं फडताळातून तार तुटलेला इअरफोन काढला. कानात घालायच्या एका बोंडाला लाल दोरा गुंडाळलेला होता. "दोऱ्याचं आईंचं. पूजेला बसतात तशा त्या कायम मामांच्या उजव्या हाताला बसायच्या, म्हणून उजवं बोंड त्यांचं."

"काकांना गाण्याची आवड होती?"

सृष्टीच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि लगेच गेलं. "एकदा गंमत झाली. आईंनी गाणं बंद करून फोन ठेवला होता. पुतणीच्या लग्नाला कोण कोण येणार ते गुडघ्यावर बोटांनी मोजत होत्या. आणि मामा शेजारी कानात बोंड घालून मान डोलावतायत, अगदी रंगून! आई हसून हसून बेजार झाल्या."

आरोहीला मात्र हसू आलं नाही.

धनाजीचं मोबाइलचं दुकान देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. मंगळवारची, देवीच्या वाराची गर्दी. तिला वर्दीत पाहून त्यानं समोरचं गिऱ्हाईक तसंच सोडलं.

"मॅडम, हेडफोनात काय बी खोट न्हाय. बाईंकडनं परत आलेला पहिला पीस माझ्या फोनला लावला, दोन्हीकडं एकसारखा वाजतोय. आता लई झालं बघा."

"उलटा घालून बघितला?"

"व्हय. त्याच्या दोन्ही बाजू ठणठणीत. बिघाड असंल तर त्या फोनात असंल."

"वसंतराव कधी दुकानात आले होते?"

धनाजी रस्त्याकडं बघू लागला.

"धनाजीभाऊ, मी पोलीस म्हणून विचारत नाही."

"काका म्हणले होते, घरी सांगू नको," तो म्हणाला. "गेलेल्या माणसाला शब्द दिलाय, मॅडम."

"मग सांगू नका. मी सांगते, चुकलं तर थांबवा." आरोही काउंटरवर वाकून हळू आवाजात बोलत राहिली. धनाजीनं तिला एकदाही थांबवलं नाही. तिचं संपलं तेव्हा त्यानं गळ्यातल्या उपरण्यानं डोळे पुसले.

बाई अजून त्याच खुर्चीवर होत्या. आरोहीनं कैवल्यला खाली बोलावलं. तो बॅग घेऊनच आला आणि दाराशी उभा राहिला. बाईंनी मान फिरवली.

आरोहीनं हेडफोन पुन्हा चढवला. आवाज शेवटपर्यंत वाढवला, उजवा कप कानावरून बाजूला केला आणि डावा कप तळहातानं घट्ट दाबून धरला. बाईंचा प्रश्न संपला. आणि मग, पलीकडच्या गल्लीतून यावा इतका बारीक, पण ओळखू येईल असा आवाज आला. स्टँडवरचा आवाज. 

"बाई, चोरी झालेलीच नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "काका ह्यातच आहेत."

बाईंचा हात छातीशी गेला.

"दोन माईक होते. दादांनी तुमचा आवाज उजवीकडं टिपला, काकांचा डावीकडं. आणि ह्या फोनमध्ये डावा आवाज जवळजवळ बंद केलेला आहे. म्हणून कुठलाही हेडफोन लावा, डावी बाजू मुकीच. दुसरा पीस आणला तरी खोड गेली नाही, कारण ती हेडफोनात नव्हतीच."

तिनं फोनची सेटिंग उघडून बाईंसमोर धरली. एक आडवी रेघ. एका टोकाला डावं, दुसऱ्या टोकाला उजवं. त्या रेघेवरचा ठिपका उजव्या टोकाला टेकत आला होता.

कैवल्यच्या हातातली बॅग खाली पडली. "ठिपका..." तो पुटपुटला.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं. "कैवल्यनंच ना?"

"नाही. काकांनी."

"काहीही बोलू नकोस. का करतील ते?"

आरोहीला हे वाक्य बोलायचं नव्हतं. धाराशिवहून येताना तिला वाटलं होतं, चोर सापडला की बाईंना बरं वाटेल.

"बाई, मी तीनदा दार वाजवलं. तुमच्या कानात हेडफोन नव्हता. तुम्हाला जो आवाज बरा वाटतो, तो मला कानात सहन झाला नाही. स्पीकर फाटला तो त्यामुळंच. तुम्हाला कमी ऐकू येतं, बाई. बरेच दिवस."

 ज्यांनी गावातल्या मुलींना कान दिला, त्यांच्या तोंडावर हे सांगणं आरोहीला फार जड गेलं.

"काकांना ते कळलं होतं. तुमच्यासाठी आवाज चढवावा तर त्यांचा कान फुटायची वेळ. बोंड काढून ठेवावं तर तुम्ही कारण विचारणार. मग तुम्हाला कळणार. गाणं शिकवणाऱ्या बाईला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून ते धनाजीकडं गेले, ही युक्ती शिकून घेतली आणि सगळा आवाज तुमच्या दोऱ्याच्या बोंडाकडं सरकवला. स्वतःकडं नावाला ठेवला. रोज संध्याकाळी ते जवळजवळ मुकं बोंड कानात घालून तुमच्या शेजारी बसत. ताल कुठून घेत होते, सांगू? तुमच्या बोटांवरून. म्हणून तुम्ही पाहुणे मोजलेत तरी ते डोलत राहिले."

बाईंची बोटं गुडघ्यावर आवळली गेली. त्या दिवशी आपण किती हसलो, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

मग त्यांनी दाराकडं पाहिलं. "दवाखान्यात ते माझ्याशी बोलले होते का रे?"

कैवल्य जवळ आला, त्यांच्या कानाशी वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "हो, आई. म्हणाले, 'चंद्रा, तो ठिपका मधे घे.'"

"आणि मी?"

"तू हो म्हणालीस."

"मला ऐकूच आलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "हल्ली मी सगळ्यांनाच हो म्हणते, रे." आणि मग त्या रडल्या, तोंडावर पदर न घेता, लहान मुलीसारख्या. कैवल्यचा हात त्यांनी धरला तो सोडला नाही. "तुला काय काय बोलले मी. त्यांचा शेवटचा शब्द तू नेला नव्हतास. तो माझ्याच कानाशी येऊन परत गेला."

 सृष्टीनं कैवल्यची बॅग उचलून आत नेली.

आरोहीनं फोन पुढं केला. "मधे घेऊ, बाई?"

"थांब." बाई त्या ठिपक्याकडं बघत राहिल्या. "हा त्यांच्या बोटानं इथं आणून ठेवलाय. हलवला की गेला."

"मग राहू दे?"

"राहू दिला तर ते ऐकू येणार नाहीत." त्यांनी डोळे पुसले. "आण इकडं. हो म्हणाले होते ना मी त्यांना."

त्यांनी स्वतःच ठिपका मध्यावर आणला. हेडफोन चढवला. कैवल्य त्यांच्या डाव्या हाताला बसला, वसंतराव बसत तिथं. आवाज एवढा मोठा होता की कानांबाहेर गळून सगळ्यांना ऐकू येत होता. आधी बाईंचा प्रश्न. ह्या वेळी शांतता नाही. मग फलाटावरच्या गाड्या सांगणारा तो भरदार आवाज खोलीत आला.

"मला गाण्यातलं काय कळतंय? तू गातेस तेव्हा मी तुझ्या बोटांकडं बघतो. बोटं थांबली की गाणं संपलं, एवढंच मला समजतं."

"काहीतरीच तुमचं!" बाई म्हणाल्या, फोनमध्येही आणि खोलीतही.

रेकॉर्डिंग पुढं चालू राहिलं. त्यात त्या आता गात होत्या. खुर्चीवर बसलेल्या बाईंची बोटं गुडघ्यावर हलू लागली आणि गाणं संपून गेल्यावरही त्यांनी ती थांबू दिली नाहीत.