पाचवी टीप

ही घडलेली गोष्ट आहे. पटली नाही तरी चालेल. फक्त वाचून झाल्यावर कुणाला तोंडाने सांगत बसू नका. का, ते पुढे येईलच.

ज्याच्या घरी घडली त्याला मी ओळखतो. फार जवळून.

त्याचं शिलाईचं दुकान. तंबू, पाठपिशव्या, कडे चढणाऱ्यांचे कमरेचे पट्टे, असलं जाड काम तो करायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. खाली दुकान, वर दोन खोल्या. घरात बायको आणि आठ वर्षांची मुलगी. बायको कडे चढायची. दूरदूरचे, जिथे जायचं नाव काढलं तरी लोक कानाला हात लावायचे.

तो गुरुवार होता. सकाळचे साडेअकरा. भुताखेतांची वेळ नव्हेच ही. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. समोरचा काचवाला ट्रकमधून काचा उतरवून घेत होता आणि कामगारांवर खेकसत होता. मास्तर एका तंबूची चेन बदलत होता.

गिर्यारोहण क्लबचा सेक्रेटरी दारात येऊन उभा राहिला. एरवी पायरी चढायच्या आधीच "मास्तर, चहा सांगा" म्हणून ओरडणारा माणूस. आज बोलेचना.

"काय रे?"

"मास्तर... वहिनी..."

पॅडलवरचा पाय काढायचं मास्तरच्या लक्षातच आलं नाही. सुई कापडाच्या बाहेर गेली आणि नुसतीच खालीवर होत राहिली.

मग त्याने विचारलं, "पट्टा कुठला होता?"

"काय?"

"कमरेला. जुना की नवा?"

"नवा. अहो पण मास्तर, वहिनी गेल्या..."

बायको गेल्याचं कळल्यावर माणसाने पहिला प्रश्न हा विचारला. सेक्रेटरी नंतर कितीतरी जणांना हे सांगायचा. धक्का बसला होता बिचाऱ्याला, म्हणायचा.

धक्का होताच. पण तो प्रश्न उगाच नव्हता.

दुकानाच्या मधोमध तुळईला एक लोखंडी कडी आहे. नवा पट्टा शिवून झाला की बायको तो कमरेला आवळायची, कडीला अडकवायची आणि पाय उचलून लोंबकळायची. कडी करकरायची. मुलगी टाळ्या पिटायची. ती वरून झोके घेत ओरडायची, "काय मास्तर, बायको पडली तर दुसरी करणार ना?"

"पडून तर बघ," मास्तर म्हणायचा. "तुझा पसारा आवरायला कोण येतेय दुसरी!"

पट्ट्याच्या जोडाला पाच टिपा घालायच्या, हा मास्तरचा नियम. त्या नव्या पट्ट्याला चार झाल्या आणि जाड दोरा संपला. रीळ दुसऱ्या दिवशी येणार होतं. तिला पहाटेच निघायचं होतं. ती कडीला लटकली. दोन गचके दिले.

"धरतोय की! चार बास झाल्या."

"बरं. परत आलीस की पाचवी घालतो," मास्तर म्हणाला.

ती कशी गेली, कड्यावर त्या दिवशी काय झालं, ते मी लिहिणार नाही. तिच्या धाडसाची कुठलीच गोष्ट मी इथे पुरती सांगणार नाही. ज्यांनी सांगितली त्यांचं काय झालं, तेवढंच सांगतो. हा फरक लक्षात ठेवा.

तिच्या अंगावरच्या वस्तू क्लबने कागदी पिशवीत घालून पाठवल्या. पट्टा त्यातच होता. मास्तरने ती पिशवी न उघडता पेटीच्या तळाशी टाकली आणि वर तंबूचं कापड रचलं.

पहिल्याच रविवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये सगळे जमले. साठसत्तर माणसं. भिंतीवर तिचा फोटो, सगळे दात दिसतील असा हसरा. रडायला आलेली माणसं पंधरा मिनिटांत हसायला लागली. तिच्या आठवणीच तशा होत्या. सेक्रेटरीने खांद्याची गोष्ट सांगितली. डावा खांदा निखळला असताना ती कशी उतरली आणि उतरताना कुणाकुणाला काय काय बोलली, अगदी तिच्या आवाजाची नक्कल करून. हॉल खदखदून हसला.

मास्तरही हसला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी तो दुकानात एकटा बसला होता...

आणि कडी करकरली.

एकदाच. लांब. वजन आल्यासारखी.

त्याने वर पाहिलं. कडीला काहीच अडकवलेलं नव्हतं. पण ती तिरकी ताणलेली होती. तो बघत असतानाच ती हळूहळू सरळ झाली.

सोमवारी सकाळी सेक्रेटरीने फळीवरचा डबा काढायला हात वर केला आणि त्याचा खांदा निखळला.

डावा.

योगायोग, सगळे म्हणाले. मास्तरही म्हणाला.

मुलीची मावशी त्या दिवसांत घरी राहायला आली होती. तिच्या आईची थोरली बहीण, इस्पितळात नर्स. तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायची नाही. मंगळवारी सकाळी ती मुलीच्या वेण्या घालत होती.

"मावशी, आईच्या हातांची गोष्ट सांग ना."

"कुठली? दोर सरकून दोन्ही तळवे सोलून निघाले ती? अगं, तुझी आई म्हणजे नुसती माकडीण..."

मास्तर खाली मशीनवर होता. वरून दोघींचं खिदळणं ऐकू येत होतं. मग जरा शांत झालं...

डोक्यावर कडी करकरली.

तो जिना धावतच चढला. "काय सांगितलंस तिला?"

"अहो भावजी, ओरडता काय एवढे? तिच्या आईचीच गोष्ट सांगितली. चोरी केली का?"

दुपारी इस्पितळात मावशीने वॉर्डातल्या खिडकीच्या पडद्याची दोरी ओढली. साधी सुती दोरी, करंगळीपेक्षाही बारीक. दोन्ही तळव्यांची कातडी निघून आली. आतलं मांस दिसत होतं. बरोबरच्या नर्सने पट्ट्या बांधता बांधता विचारलं, "अगं, पडदा सरकवलास की विहिरीतून हत्ती काढलास?" बाकीच्या हसल्या.

मावशी हसली नाही. ती त्याच संध्याकाळी आपल्या घरी निघाली. दारात थांबून म्हणाली, "भावजी, तुम्ही सकाळी धावत वर आलात. तुम्हाला आधीच कसं कळलं?"

मास्तरने तिची बॅग उचलून रिक्षात ठेवली.

तिसरा नकाशेवाला. जमीनमोजणीच्या कार्यालयात नकाशे काढायचा. शेवटच्या दिवशी दोराच्या दुसऱ्या टोकाला तोच होता. वर काय झालं हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि तो कुणाला सांगत नव्हता. दुसऱ्या रविवारी क्लबात सगळे त्याच्या मागेच लागले. "मन मोकळं कर रे. बरं वाटेल."

मास्तर उठून उभा राहिला. "नको सांगूस."

"मास्तर, सांगू दे मला. दहा दिवस डोळ्याला डोळा नाही."

"नको म्हणतोय ना!"

लोकांना वाटलं, बायकोचा शेवट ऐकवत नाही. दोघांनी समजूत घालत त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. मुलगी आतच राहिली होती. ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

नकाशेवाल्याने सगळं सांगितलं. पहिल्यापासून शेवटापर्यंत.

सोमवारी सकाळी दहा वाजता...

कडी करकरायला लागली. या वेळी थांबेना.

मास्तरने नकाशेवाल्याच्या कार्यालयात फोन लावला. शिपायाने उचलला.

"साहेब ना? ते काय, स्टुलावर चढून भिंतीला नकाशा लावतायत. थांबा, बोलावतो."

"बोलावू नकोस! त्याला म्हणावं..."

पण शिपायाने फोन बाजूला ठेवलाही होता. लांबून त्याची हाक ऐकू आली, "साहेब, फोन!"

मग पडल्याचा आवाज आला. मास्तर सांगतो, तो आवाज कितीतरी वेळ येत होता. स्टुलावरून पडायला जितका लागतो त्याच्या कितीतरी पट. आपटत, थांबत, पुन्हा आपटत.

दोन पायऱ्यांचं स्टूल. गुडघ्याएवढं.

इस्पितळात डॉक्टरांनी शिपायाला विचारलं, "कितव्या मजल्यावरून पडले?"

"साहेब, स्टुलावरून."

"खोटं बोलू नका."

अंगात एक हाड धड राहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत नकाशेवाला गेला.

मास्तरने घरातले तिचे सगळे फोटो उतरवले. मुलीला सांगितलं, काचा पुसायच्या आहेत.

बुधवारी मुलगी शाळेतून उड्या मारत दुकानात आली. "बाबा, शुक्रवारी बाईंनी सगळ्यांना बोलायला सांगितलंय. आमच्या घरातलं सगळ्यात शूर माणूस. मी आईचं सांगणार!"

"दुसऱ्या कुणाचं तरी सांग."

"दुसरं आहे कोण? तू? तू तर झुरळाला घाबरतोस."

हसली. अगदी आईसारखं, टिंगल करत.

मास्तरने हातातली कात्री खाली ठेवली. "काय सांगणार आईचं?"

"शेवटच्या दिवसाचं. मला सगळं पाठ आहे. काकांनी क्लबात सांगितलं ना, तेव्हा मी खुर्च्यांच्या मागे होते. बघ हं. आई वर होती, काका खाली होते. आणि मग आईचा पट्टा..."

मास्तरने तिचं तोंड दाबलं.

जोरात. इतकं की तिचा दात तिच्याच ओठात रुतला.

आणि डोक्यावर... करकर सुरू झाली.

तोंड दाबलं ते मुलीला वाचवायला, की पट्ट्याच्या पुढचं ऐकावं लागू नये म्हणून? मास्तरने स्वतःला हे पुष्कळदा विचारलंय. दर वेळी उत्तर द्यायच्या आधी तो कामाला लागतो.

मुलीने हात झटकला. "मी सांगणारच! शाळेत सांगणार. सगळ्यांना सांगणार!"

हट्टही आईचाच. दटावून ऐकणारी पोर नव्हती ती. शुक्रवारी घरी ठेवता आली असती. पण सोमवारी? पुढच्या वर्षी? मोठी झाल्यावर? आईच्या गोष्टीला आयुष्यभर कुलूप कोण घालणार? तिला ती सांगावीशीच वाटायला नको होती. मास्तरला तेवढी एकच वाट दिसली.

"तुझी आई शूर नव्हती," तो म्हणाला. "ती त्या दिवशी आपल्याला सोडून चालली होती. परत येणारच नव्हती."

"खोटं."

"मला सांगून गेली होती. म्हणाली, पोरीला तू सांभाळ. मला तिची कटकट नको."

करकर वाढली. तुळईवरची धूळ मशीनवर पडायला लागली.

"माझी कटकट?"

"हो. तुझी."

मुलगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने ओठावरचं रक्त बाहीला पुसलं. मग मान वर करून सरळ कडीकडे पाहिलं. म्हणजे तिलाही ऐकू येत होतं. इतके दिवस येत होतं.

"वर आईच आहे ना?"

मास्तरनेही वर पाहिलं.

"तिला सांग, जा. आम्हाला नकोय ती."

करकर कमी होत गेली... कमी... आणखी कमी... कुणी जपून पाय खाली टेकवावेत तशी. मग खट्ट असा आवाज आला. पट्टा कडीतून सोडवून घेताना यायचा, तोच.

मग काही नाही. समोरचा काचवाला कुणावर तरी ओरडत होता, तेवढंच.

शुक्रवारी शाळेच्या दारात बाईंनी मास्तरला थांबवलं. "जरा लक्ष द्या हो तिच्याकडे. सगळी मुलं कुणाकुणाबद्दल बोलली. ही उभी राहिली आणि म्हणाली, आमच्या घरात शूर कुणी नाही. आणि खाली बसली."

याला तीन वर्षं झाली. मुलगी अकराची आहे. तिला कधी साधं खरचटलंसुद्धा नाही. जिना उतरताना कठडा सोडत नाही. आईचा शब्द काढत नाही. मावशी आली की उठून आत जाते.

कडी पुन्हा करकरलेली नाही. मास्तर रोज तिच्याखाली बसून काम करतो आणि मधूनच वर बघतो. आता त्याला वेगळीच भीती वाटते. तिन्ही वेळा कडी आधी करकरली होती. इजा नंतर झाली होती. ती करकर इजा करायला नव्हतीच, ती सावध करत होती, असं असेल तर? मग सावध करणारीला त्यांनी घरातून घालवून दिलं. आणि मुलीला शेवटच्या दिवसाची गोष्ट अजून पाठ आहे.

पेटीतली पिशवी तशीच आहे. पट्ट्याच्या चार टिपांतली एखादी उसवली, की चारही शाबूत आहेत, ते मास्तरने पाहिलेलं नाही.

मुलीलाही खरं सांगायचं राहिलं आहे.