सहा सशांची टोपली

ससा आधी आत शिरला, त्याच्यामागे धाकटी. दोघांपैकी कोणालाच कोणी बोलावलं नव्हतं.

आत एक तरणा माणूस खुर्ची मांडीवर आडवी घेऊन बसला होता. खुर्चीला पाय होते, पाठ होती, बूड तेवढं नव्हतं. तेच तो विणत होता. ओल्या वेताची एक पट्टी तोंडात धरलेली, दुसरी हातात. खुर्चीच्या रिकाम्या चौकटीतून पांढरंशुभ्र, लांब केसांचं, कापूस पिंजल्यासारखं काहीतरी वर आलं आणि त्याच्याकडे बघून नाक हलवू लागलं.

"अहो, धरा!" धाकटी दारातूनच ओरडली.

तोंडातली पट्टी न काढता त्यानं विचारलं, "कोणाला?"

"मला नाही, सशाला!"

त्यानं पोटाखाली हात घालून ससा अलगद उचलला, जसा काही सकाळपासून हाच धंदा करतोय. हात पाण्यातून काढलेले, गार. ससा शिंकला. धाकटीला हसू आलं... आणि तेवढ्यात त्याची नजर तिच्या कमरेवरच्या टोपलीवर गेली.

"ससे यातून आणलेत? वेताच्या टोपलीतून?"

"मग कशातून आणतात? पालखीतून?"

"बाई, सशाला वेत म्हणजे जेवण. तुम्ही त्यांना ताटात बसवलंत आणि वर झाकण घातलंत."

धाकटीनं टोपली खाली ठेवली. मागच्या बाजूला ताटलीएवढं भोक पडलेलं. झाकण उघडलं तर आत दोन ससे, एकमेकांना चिकटून, तृप्त चेहऱ्यानं बसलेले. सकाळी सहा होते. बसच्या कंडक्टरनं जनावरं चढू दिली नाहीत म्हणून ती सगळी वाट पायी चालत आली होती, आणि टोपली हलकी हलकी होत गेली तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याला ओझ्याची सवय झाली!

ती तिथेच वेताच्या सालपटांवर मटकन बसली.

आता या सहा सशांवर काय काय टांगलेलं होतं ते सांगायलाच हवं.

धाकटीचं घर म्हणजे बटणांचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. दुकानात माणसं दोनच, आत्या आणि ती. म्हणून गल्ली एकीला मोठी म्हणे, दुसरीला धाकटी. आईबाप लवकर गेलेल्या पोरीला आत्यानं वाढवलं ते मायेनंच, पण तिची माया चिंचेसारखी, आधी दात आंबवणारी. धाकटीला बटणांत रस नव्हता. तिला लोकर हवी होती. सशाची, फुंकर मारली तर उडेल अशी. दोन वर्षं एका विणकर बाईकडे जाऊन ती सशाचे केस विंचरून काढायला आणि चातीवर त्यांचा धागा करायला शिकली होती. आता तिला दुकानामागची बंद खोली हवी होती.

आत्यानं सहा महिने नाही म्हटलं आणि एके दिवशी सुई खाली ठेवून बोलली, "सहा ससे आण. सहाच्या सहा धडधाकट, माझं शटर पडायच्या आत घरात आले पाहिजेत. आले तर खोली तुझी. एक जरी कमी आला, तर लोकर विसरायची आणि जन्मभर माझ्याशेजारी बसून बटणं निवडायची. ज्याला सहा जीव घरापर्यंत आणता येत नाहीत, तो ते पाळणार काय कपाळ?"

वर तिनंच माळ्यावरून टोपली काढून दिली. "खोक्यातून आणू नकोस, बूड सुटतं. ही ने. तीस वर्षं बटणं वाहिलीत हिनं, हिला काही होत नाही."

बटणांना दात नसतात, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

हे सगळं धाकटीनं खुर्चीवाल्याला एका दमात सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, उठला, विणायची खुर्ची भिंतीशी ठेवली आणि अर्धवट वेत पुन्हा पाण्याच्या टबात टाकला.

"शटर कधी पडतं?"

"सातला."

"आत्ता साडेचार. चला."

"तुमचं काम?"

"वेत भिजत पडला की मऊ होतो. माणसाचं तसं नाही, भिजत पडला की सर्दी होते. उठा."

धाकटी उठली. डोळे पुसता पुसता तिला आजूबाजूचा पसारा दिसला. तुकडे, सालपटं, दोरे, दारामागे तर गुडघ्याएवढा ढीग. रडूही येत होतं आणि गप्पही बसवत नव्हतं. "दुकान आहे की कचराकुंडी हो? इथे हत्ती हरवला तरी सापडायचा नाही."

"हत्ती आला की झाडून घेईन," तो म्हणाला. सापडलेला ससा आणि टोपलीतले दोन त्यानं पत्र्याच्या रिकाम्या टबात ठेवले, वर जाळी टाकली, आणि दोघं निघाली.

पहिला माग न्हाव्याच्या दुकानात लागला. न्हावी हातात झाडू घेऊन गोंधळून उभा होता. "सकाळपासून एकही म्हातारा आला नाही, मग हे पांढरे केस कोणाचे?" खुर्चीवाला गुडघ्यावर वाकला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीखाली ससा मजेत बसला होता. धाकटी एका बाजूनं, तो दुसऱ्या बाजूनं, आणि वर बसलेलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचं, पाय छातीशी घेऊन ओरडतंय, "आधी माझी दाढी की आधी ससा?" दोघांचे हात एकदमच सशावर पडले. खरं सांगायचं तर त्याचा हात सशावर आणि तिचा त्याच्या हातावर पडला. काढून घ्यायला तिला थोडा उशीर झाला... थोडाच. पण झाला.

"तुमचा हात अजून गारच आहे," ती उगाच म्हणाली.

"तुमचा गरम आहे. दोन्ही मिळून ठीक होईल."

"सशाबद्दल बोला!"

"मी सशाबद्दलच बोलतोय. त्याला ऊब लागते ना?"

दुसरा परटिणीकडे. घडी घातलेल्या उशांच्या खोळींची चळत, त्यातली एक खोळ श्वास घेत होती. परटीण चांगली धिप्पाड, हातात इस्त्री. "माझ्या धुतल्या कपड्यांवर लेंड्या टाकल्यात या तुमच्या लेकरानं. आता धुवायचं कोणी? नवरा धुणार की बायको?"

"आम्ही नवराबायको नाही हो!" धाकटीचे कान तापले.

"मग भांडताय कशाला एवढे?" परटीण म्हणाली.

खोळ धाकटीनंच धुतली. तो शेजारी उभा राहून पिळत होता. वर पावसाची एक बारीक सर आली आणि दोरीवरचे कपडे काढायला तिघांची धावाधाव झाली. तिच्या केसांवर पाण्याचे थेंब अडकले, ते तो बघत होता. तिला कळलं. तिनं पुसले नाहीत.

पाच झाले. सहावी मात्र कुठे सापडेना. सगळ्यात जाडी मादी होती ती. सकाळी ससेवाल्याकडे तोंडात गवत धरून फिरत होती, स्वतःच्याच छातीचे केस दातांनी उपटत होती. धाकटीला वाटलं होतं, घाबरलीय बिचारी. दोघांनी गटारं बघितली, जिने बघितले, गाड्यांखाली बघितलं. साडेसहा वाजले.

गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. "एक सांगू? तो ससेवाला गावाबाहेरचाच ना? माझा मित्र गाडीवरून जाऊन येईल, असाच एक पांढरा घेऊन. कोणाला कळणार आहे?"

धाकटीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो एक पाऊल मागे सरला.

"मला कळेल. आणि आत्यानं मला फसवलं नाही कधी. टोचलं, पण फसवलं नाही."

"चुकलो," तो म्हणाला. लगेच, कान न खाजवता, पाय न घासता. एवढं सरळ 'चुकलो' म्हणणारा माणूस धाकटीनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

सात वाजायच्या आत ती पाच ससे आणि भोक पडलेली टोपली घेऊन दुकानात उभी राहिली. तो टब उचलून सोबत आला होता, दारातच थांबला.

आत्यानं चष्मा चढवला. बोट दाखवून मोजलं. "पाच."

"हो."

"सहावा?"

"हरवला. वाटेत टोपली कुरतडली त्यांनी. लक्ष ठेवायला हवं होतं, मी ठेवलं नाही."

"टोपली—" खुर्चीवाला दारातून बोलायला लागला, "टोपली कोणाची होती ते तरी—"

"तुम्ही गप्प बसा," धाकटी म्हणाली. "नेली मी. बघायचं काम माझं."

आत्यानं टोपली उचलली. भोकातून हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. झाकण काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "जेवून झोप. उद्या नऊला गल्ल्याशेजारी बस. बोलले ते बोलले. शटर मी पाडते, तू जा."

सकाळी धाकटी खाली आली ती सुजलेल्या डोळ्यांनी, पण वेणी घट्ट घालून. बटणांचे डबे समोर ओढले. काळी एकीकडे, पांढरी एकीकडे. आत्या शेजारच्या स्टुलावर कंबर धरून बसली होती आणि एकाएका बटणावर रागावत होती.

तेवढ्यात शटरच्या खालून आवाज आला. "मोठ्या बाई! उघडा!"

"आज अजून उघडलं नाही? आणि उजेड कुठून येतोय?" धाकटी उठली. बघते तर शटर जमिनीपासून वीतभर वरच. खाली काहीतरी अडकलेलं.

तिनं शटर वर ढकललं. बाहेर खुर्चीवाला. केसांत सालपटं, छातीशी पत्र्याचा टब, चेहरा असा की त्याला कोणी राज्य दिलंय.

"दुकान झाडलं," तो म्हणाला. धापा टाकत होता. "तुम्ही कचराकुंडी म्हणालात ना... रात्रभर झोप नाही आली. उजाडल्याबरोबर झाडू घेतला. दारामागचा तो ढीग—"

टबात वेताच्या सालपटांचं घरटं होतं, वर पांढऱ्या केसांची दुलई. कडेला ती जाडी मादी बसली होती. दुलई हलत होती. धाकटीनं बोटानं अलगद बाजूला केली... आत अंगठ्याएवढी गुलाबी पिल्लं. डोळे मिटलेले. सात.

"ही तर गाभण होती!" धाकटी हसत होती आणि रडत होती. "म्हणून केस उपटत होती, घरट्यासाठी! आत्या, बघ ना गं... पाच आणि एक सहा, आणि वर सात!"

मग तिला आठवलं. हसू तसंच ओठांवर राहिलं. "पण... शटर काल पडलं."

"कोण म्हणतं?" आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"डोळे आहेत ना तुला? शटरखाली काय आहे ते बघ."

धाकटी वाकली. टोपलीचं झाकण होतं. आत्याच्याच टोपलीचं, आडवं सारून ठेवलेलं, चेपून गेलेलं.

"माझं शटर काल पडलंच नाही," आत्या ठणकावून म्हणाली. "वीतभर राहिलं. उघडं दुकान टाकून वर झोपायला जाऊ का मी? इथेच बसले, या मेल्या स्टुलावर. कंबरेचे दोन तुकडे झालेत. शटर पडायच्या आत सहा म्हटलं होतं, सहा आले. वर सात आगंतुक. बोलले ते बोलले." तिनं कमरेची किल्ली काढून बटणांच्या ढिगावर फेकली. "घे. आणि टोपलीबद्दल मला कोणी एक शब्द बोलायचा नाही!"

कोणी बोललं नाही. धाकटी गल्ला ओलांडून तिच्या गळ्यातच पडली. काळी-पांढरी बटणं सगळी एकत्र झाली.

"कंबर, अगं कंबर!" आत्या ओरडली. मग तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत म्हणाली, "आणि तू रे, टबवाल्या. खुर्च्या विणतोस म्हणे. पाठ टेकवता येईल अशी एक आण मला. आणि या पलटणीला खुराडं कोण बांधणार?"

"मी बांधतो. लाकूड आणि लोखंडी जाळी. वेत एक काडीसुद्धा नाही."

खुराडं बांधायला त्याला अकरा दिवस लागले. मागच्या खोलीची खिडकी उघडली, जाळी ठोकली गेली, पिल्लांना मऊ पांढरी लव आली, त्यांचे डोळे उघडले, तरी त्याचा एक खिळा रोज राहायचाच. बाराव्या दिवशी धाकटी चातीवर पहिला धागा ओढत होती. तो खुराड्याच्या दाराशी हातोडी घेऊन उगाच बसला होता.

"एक विचारू?" ती धाग्यावरची नजर न काढता म्हणाली. "खुर्ची किती दिवसांत होते तुमची?"

"दोन."

"आणि हे एवढंसं खुराडं?"

त्यानं हातोडी खाली ठेवली. "पहिल्याच दिवशी झालं होतं. रोज जाताना एक खिळा काढून खिशात घालतो... उद्या यायला कारण हवं म्हणून." त्यानं खिशातून मूठ काढून उघडली. अकरा खिळे. "तुमच्या लक्षात आलं नाही?"

"तिसऱ्या दिवशीच आलं. मी रोज झाडते, पडलेला खिळा एकही सापडला नाही. माझ्या खोलीत कचराकुंडी नसते." तिनं त्याच्या तळहातावरचे खिळे एकेक करून उचलले आणि आपल्या मुठीत घेतले. त्याचा हात आज गार नव्हता. "हे माझ्याकडे राहू देत. उद्यापासून कारण नको. नुसता ये."

'या' नाही म्हणाली. 'ये' म्हणाली. त्याचे कान सशासारखे गुलाबी झाले.

पुढून आत्याचा आवाज आला. नव्या वेताच्या खुर्चीवर पाठ टेकून बसली होती ती, आवाजातच आराम होता. "अरे, ठोकाठोक थांबली का? जमलं असेल तुमचं, तर शटर पाडा कोणीतरी! मी नाही उठायची."

दोघं पुढे आली. एका बाजूनं त्यानं धरलं, दुसऱ्या बाजूनं तिनं. आणि त्या दिवशी शटर पार जमिनीला टेकलं. दोघंही आतच होती.